सात नंबरची होडी

शुक्रवारी सकाळी रखमाने देवासमोर निरांजन लावलं आणि देवांना स्पष्टच सांगितलं, "आज तुम्ही मध्ये पडू नका. आज माझं मी बघते."

देव बिचारे काय बोलणार! बहरीनच्या झिंज भागातल्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये त्यांना तरी कुठे धड जागा होती? फ्रिजच्या डोक्यावर बसले होते, कॉम्प्रेसर सुरू झाला की सगळे मिळून थरथरत. माणसांची गत त्याहून न्यारी. तीन महिन्यांपूर्वी सासूबाई काशीबाई आणि धाकटी जाऊ मंगला व्हिजिट व्हिसावर आल्या आणि आल्या संध्याकाळीच काशीबाईंनी घराची फाळणी केली. बायका आतल्या खोलीत, पुरुष बाहेरच्या. आत भिंतीकडे रखमाची लेक उल्का, मग रखमा, मग काशीबाई, पलीकडे मंगला. बाहेर रखमाचा नवरा महादेव आणि मंगलाचा नवरा शिवदास हे दोघे भाऊ, एकमेकांचं घोरणं ऐकत.

रखमाचं सोडा. तिच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि महादेव बहरीनला ड्रायव्हर म्हणून आल्यावर दोनच वर्षांत तिला इथे घेऊन आला होता. पण शिवदास आणि मंगला! लग्नाला चार वर्षं, त्यात शिवदासच्या दोन रजा, एक बावीस दिवसांची, एक चाळीस दिवसांची. बाकी सगळा संसार पोस्टमनच्या पिशवीत. आणि आता नवऱ्याच्या घरात तीन महिने राहून पोरीला त्याच्याशी बोलायला मिळालं ते काय, तर "चहा घेणार का" आणि "टॉवेल तिथे आहे". येत्या रविवारी विमान. सासू-सून परत देवरुखला.

मंगळवारी भांडी घासताना मंगला हळूच म्हणाली होती, "ताई, मी यांना एकच गोष्ट विचारायची म्हणून आले होते. ती तेवढी राहिली."

"काय गो?"

मंगलाने पातेलं दोनदा विसळलं. "मी त्यांना हवी आहे का, की घरच्यांनी करून दिली म्हणून आहे. पत्रात कसं विचारायचं? पत्र तिकडे चारजण वाचतात."

रखमा हात पुसत म्हणाली, "रविवारच्या आत तुला तास मिळवून देते. दोघांनाच. नाही मिळवून दिला तर रखमा नाव लावणार नाही."

आता शब्द दिला म्हणजे दिला. समुद्राकाठी नवं पार्क झालं होतं. झुकझुक गाडी, आकाशपाळणा, खाडीसारखं आत घेतलेलं पाणी, होड्या, दिवसभर बसायला सावलीच्या झोपड्या. रखमाने महादेवाच्या मागे लागून सुट्टीचा शुक्रवार ठरवला, पहाटे उठून तिखटामिठाच्या पुऱ्या तळल्या, आणि मंगलाला बाब अल बहरीनच्या बाजारातून घेतलेली अबोली नायलॉन साडी नेसायला लावली.

"फिरायला चाललोय की लग्नाला?" काशीबाईंनी विचारलं.

"परत जायच्या आधी फोटो काढायचाय ना, आई."

काशीबाईंनी चष्म्यावरून बघितलं.

पार्कच्या फाटकावर ही गर्दी! शुक्रवारी आत फक्त कुटुंबं सोडत. एकट्या पुरुषांना मज्जाव. पाटी तीन भाषांत होती आणि ती कुणाला वाचता येत नसेल म्हणून एक म्हातारा बहरीनी रखवालदार काठी आपटत ओरडत होता, "बॅचलर मफी! यल्ला, बाजूला!" कडेला कामगारांचे घोळके उभे होते. इस्त्रीचे शर्ट, चापून बसवलेले केस, आणि तोंडं उतरलेली.

त्यातल्या तिघांनी रखमाची मराठी ऐकली. ती महादेवाला टिफिन तिरका धरल्याबद्दल झापत होती.

"वहिनी, देवरुखच्या का हो तुम्ही?" त्यातला उंच गडी पुढे आला. "मी सिराज, राजापूरचा. हा तुकाराम, चिपळूणचा सुतार. हा कमाल, म्हसळ्याचा, वेल्डर आहे. दोन तास उभे आहोत. आत पाळणा फिरतोय तो इथून बघतोय नुसता."

महादेव म्हणाला, "अहो, पण नियम आहे."

महादेव असाच. बारा वर्षांत कंपनीची बस एक मिनिट उशिरा नेली नाही आणि पिवळ्या दिव्यालासुद्धा थांबणारा. रखमाने त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. तिच्या डोक्यात भलतंच शिजत होतं. तीन धट्टेकट्टे गडी, वेळच वेळ हाताशी. एक उल्काला सांभाळेल, दोघे सासूबाईंना. देव मध्ये पडले नाहीत, पण माणसं पाठवली!

"हे माझे भाऊ," तिने रखवालदाराला ठणकावलं. "अखू. तिघे पण अखू."

म्हाताऱ्याने तिघांना निरखलं. कमाल गोरा, तुकाराम काळा कुळकुळीत, सिराज त्या दोघांच्या डोक्यावरून दिसणारा. "कुल्लू अखू?" सगळेच भाऊ का, असं त्याने विचारलं आणि मग काशीबाईंकडे वळून हिंदीत म्हणाला, "मामा, ये सब तुम्हारा बच्चा?"

काशीबाई उभ्या जन्मात खोटं बोललेल्या नव्हत्या, निदान त्यांचं तसं म्हणणं होतं. त्यांनी तिघांकडे बघितलं. तुकारामने नकळत हात जोडले. काशीबाईंनी पदर डोक्यावर ओढला आणि मान हलवली. होय.

आत गेल्यावर त्या रखमाच्या कानाशी फुसफुसल्या, "तुझा एकुलता एक भाऊ देवरुखला पोस्टात आहे. हे तिघे कुठून पैदा झाले? माझा सोमवार मोडलास हो आज."

"आज शुक्रवार आहे, आई."

"सोमवारपर्यंत पाप राहतं का नाही?"

पण ओठांच्या कडा हलत होत्या. रखमाला वाटलं, जमतंय.

कसलं जमतंय! झुकझुक गाडीत काशीबाईंनी मंगलाचा हात धरून तिला शेजारी बसवली. शिवदास मागच्या डब्यात कमालच्या मांडीला मांडी लावून. पाळण्याच्या पेटीत चारजण मावत. रखमाने शिताफीने शिवदास-मंगलाला पुढे ढकललं, तर काशीबाई "मला भीती वाटते, मंगल, थांब" म्हणत मध्ये घुसल्या आणि मागोमाग उल्का उडी मारून आत. पाळणा वर गेला तेव्हा मंगला एका कोपऱ्यात, शिवदास दुसऱ्या, मध्ये काशीबाई डोळे मिटून रामरक्षा म्हणतायत. खालून रखमा बघत राहिली. कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला तिला.

तीन भावांचा उपयोग काय, तर त्यांना उल्काने पळवलं. आठ वर्षांची पोर, कॉन्व्हेंटात जाणारी, मराठी कळायची पण उत्तर इंग्रजीत. "वन्स मोअर, अंकल! प्लीज, वन्स मोअर!" आणि ते तिघे तिला कोण घेऊन बसणार यावरून भांडत होते. तुकाराम म्हणत होता, "दोनदा तू बसलास, आता माझी पाळी." सिराजने तिच्यासाठी कापसासारखी गुलाबी मिठाई आणली, कमालने फुगा. त्यांना इतक्या दिवसांत कुणी लहान मूल हात धरायला मिळालं नव्हतं. रखमाला ते दिसलं आणि मग त्यांना सासूबाईंच्या मागे लावायचा तिचा धीर झाला नाही.

दुपारी झोपडीच्या सावलीत चटई टाकून सगळे जेवायला बसले. पुऱ्या, बटाट्याची भाजी, लोणचं, आणि सिराजने आणलेले खुबूस, तिथल्या अरबी रोट्या. होडीवाल्याची शिट्टी मधूनमधून ऐकू येत होती. एक वाजून गेला होता. महादेवाला पाच वाजता कंपनीची गाडी परत द्यायची होती.

आणि नेमका तेव्हाच काशीबाईंनी विषय काढला.

"परत गेल्यावर लोक विचारतील. चार वर्षं झाली, तीन महिने नवऱ्याकडे राहून आली, काही विशेष आहे का? काय सांगू मी? मार्लेश्वराला नवस बोलले, अंगारा आणला, वैद्याचं औषध आणलं. आता माणसाने आणखी काय करायचं?"

मंगलाने मान खाली घातली. अबोली पदराची कड ती बोटाला गुंडाळायला लागली, उलगडायला लागली. शिवदास पाण्याकडे बघत होता. आणि रखमाचं डोकं फिरलं.

"आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!" ती म्हणाली. "आई, नवस कसले बोलता? मधलं अंथरूण तेवढं काढा! नवरा बाहेर, बायको आत, आणि दाराशी तुम्ही. मार्लेश्वर तरी काय करणार?"

कमालने पुरी तोंडाशी नेली होती, ती तिथेच राहिली.

"उल्काची आई!" महादेव ओरडला. तो कधी ओरडत नसे. "परक्या माणसांसमोर? तोंड आहे का काय आहे?"

"भाऊ आहेत माझे," रखमा पुटपुटली, पण आवाजातला जोर गेला होता. तिला कळलं, संपलं. खलास. आता सासूबाई उठतील, गाडीत जाऊन बसतील, रविवारपर्यंत कुणी कुणाशी बोलणार नाही. दिलेला शब्द स्वतःच्या जिभेनेच बुडवला. मंगलाकडे बघायची तिची छाती होईना.

काशीबाई उठल्या नाहीत. हातातला घास ताटलीत ठेवून बसून राहिल्या.

सिराजने खिशातून पाकीट काढलं. कदाचित वेळ मारून न्यायला असेल. "मावशी, ही माझी मुलगी बघा. चौदा महिन्यांची आहे. मी अजून बघितली नाही."

काशीबाईंनी फोटो चष्म्याजवळ धरला. "बघितली नाहीस म्हणजे?"

"दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट असतं. मध्ये सोडत नाहीत. आमच्या लग्नाला आठ वर्षं झाली. मी नि झोहराने गेल्या रजेत हिशेब केला होता, दोघे एकत्र किती राहिलो. एकशे साठ दिवस." तो हसला. "त्यातले दहा तर पावण्यांतच गेले."

काशीबाईंची बोटं मांडीवर हलायला लागली. रखमा बघत होती. एकेका पेरावर अंगठा टेकत त्या काहीतरी मोजत होत्या. पांडुरंग, त्यांचे यजमान, याच बेटावर तेलकंपनीच्या मेसमध्ये अठरा वर्षं आचारी होते. दर दोन वर्षांनी यायचे. शेवटच्या वेळी आले ते आजारी होऊनच.

"माझे सव्वाचारशे झाले असतील," काशीबाई म्हणाल्या. "धाकटा झाला त्या वर्षाची रजा धरून."

मग त्याच पुढे बोलायला लागल्या, कुणाकडे न बघता.

"एकदा ह्यांचं पत्र आलं होतं. मला कुठे वाचता येतं? मास्तर ओटीवर बसून वाचायचे. सासूबाई, दीर, शेजारणी, सगळे ऐकायला. बैल घ्या, कौलं बदला, असं सगळं झालं आणि शेवटी लिहिलं होतं, 'काशीस सांगणे, इथे शुक्रवारी समुद्रावर जाऊन बसतो. शेजारी जागा मोकळी असते. तू असावीस असं वाटतं.' मास्तरांनी तेही वाचलं. मोठ्याने. काय हसल्या गो सगळ्या! वर्षभर मला विहिरीवर चिडवीत होत्या, काय काशी, जागा मोकळी आहे का? मी लाजेने मेले. मास्तरांकडूनच उलट कळवलं, असलं काही लिहीत जाऊ नका." काशीबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "पुन्हा कधी लिहिलं नाही त्यांनी. बैल आणि कौलं. चुकलंच माझं ते."

रखमाचे डोळे भरून आले. या बाईला आपण बारा वर्षं भिंत समजत आलो, आणि आत हे होतं! महादेव मान खाली घालून लोणच्याच्या बाटलीचं झाकण लावत होता. ते कधीच लागलेलं होतं.

होडीवाल्याची शिट्टी पुन्हा वाजली. काशीबाईंनी तिकडे बघितलं. "त्या होडीत किती माणसं बसतात रे, तुकाराम?"

"दोनच, मावशी. पायाने मारायची होडी ती. बदकाच्या तोंडाची."

"मग बसलास काय?" त्या शिवदासवर खेकसल्या. "घेऊन जा तिला! मुहूर्त बघायचाय का?"

शिवदास उठला तो चटईत पाय अडकून पडायचाच बाकी होता. मंगलाने रखमाकडे बघितलं. रखमाने तिला नुसत्या डोळ्यांनी हाकललं.

सात नंबरची होडी मिळाली. सगळे काठावर बसून बघत होते, सिनेमाला बसल्यासारखे. पहिली दहा मिनिटं दोघे बँकेत बसल्यागत ताठ. मंगलाची साडी पेडलमध्ये येई म्हणून ती पाय वर घेऊन बसलेली, एकटा शिवदास पेडल मारतोय आणि होडी जागच्या जागी गोल गोल फिरतेय.

"उजवीकडे घे रे!" तुकाराम ओरडला.

"गप," काशीबाई म्हणाल्या. "त्याला कळतं."

मग मंगलाने पदर खोचला, साडी गुडघ्याखाली आवळली आणि पाय पेडलवर ठेवले. होडी एकदम सरळ सुटली, बदकाने पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाला धडक दिली, पाणी उडालं आणि मंगला हसली. खळाळून, मोठ्याने. काठापर्यंत ऐकू आलं.

"मंगल अशी हसते?" काशीबाईंनी विचारलं.

"मी पण आजच ऐकतेय, आई."

अर्ध्या तासाने होडीवाल्याने शिट्टी मारली. "नंबर सेव्हन! कम बॅक!" सात नंबर आणखी लांब गेला. पुन्हा शिट्टी. होडीवाला केरळचा होता. तो वैतागून त्याच्या भाषेत काहीबाही बोलायला लागला, तेव्हा सिराजने जाऊन आणखी अर्ध्या तासाचं तिकीट फाडून आणलं. महादेवाने पैसे पुढे केले, तर म्हणाला, "राहू द्या भावजी. बहिणीच्या जावेसाठी एवढं चालतं."

होडी काठाला लागली तेव्हा मंगलाचं कुंकू घामाने थोडं पसरलं होतं आणि शिवदासच्या कानाच्या पाळ्या लाल. रखमाने तिला बाजूला ओढली.

"विचारलंस?"

"विचारलं."

"मग?"

मंगलाला हसू आणि रडू एकदमच यायला लागलं. "ताई, त्यांनी फॅमिली व्हिसाचा अर्ज डिसेंबरातच देऊन ठेवलाय. मी यायच्या आधीच. मंजूरही झालाय परवा, म्हणजे रविवारी गेले तरी परत यायचंच. खोली बघून ठेवलीय तिकडे बुसैतीन भागात. मला म्हणाले, तुला सांगायचं होतं, पण एकटी भेटलीच नाहीस."

"अग बाई!" रखमा म्हणाली. "आणि बाहेरच्या खोलीत तोंडाला कुलूप लावून बसला होता मेला!" पोरीला पोटाशी धरून तिने असं आवळलं की दोघींच्या बांगड्या वाजल्या. शब्द पाळला गेला होता. रखमाला इतकं हलकं वाटलं की पळत जाऊन पाळण्यात बसावंसं वाटलं.

ती टिफिन आवरायला वळली तर मागून काशीबाईंचा आवाज आला.

"महादेवा, उठ. आता तू जा हिला घेऊन."

महादेव दचकला. "आई, आम्ही? अगं, पाचला गाडी द्यायचीय. आणि या वयात? केस पिकायला लागले माझे. लोक काय म्हणतील?"

"कोण लोक? हे तुझे तीन मेव्हणे?" तिघे मेव्हणे जोरात हसले. "आणि ऐका, आज उद्या मी आणि उल्का स्वयंपाकघरात निजणार. मला ओट्याखाली बरा वारा लागतो. खोल्या दोन आहेत. कुणी कुठे निजायचं ते मला सांगू नका."

उल्काने ऐकलं आणि टाळ्या पिटल्या. "किचन! लाईक कॅम्पिंग!"

रखमाला कुठे तोंड लपवू असं झालं. रखवालदाराला ठणकावणारी, सासूला तोंडावर बोलणारी रखमा, पण होडीशी येऊन काठावरच थांबली. महादेवाने हात पुढे केला. चारचौघांत त्याने तिचा हात धरला तो थेट लग्नात, भटजींनी सांगितलं म्हणून. त्यानंतर आजच.

होडी पाण्यावर आली. काठावरचे आवाज बारीक होत गेले. दोघे पेडल मारत राहिले. महादेव ड्रायव्हरच तो. होडी नाकासमोर सरळ चालली होती.

"जेवताना ओरडलो मी," तो म्हणाला.

"ओरडण्यासारखंच बोलले."

"नाही. ते बोलायचं मीच होतं." तो पाण्याकडे बघत होता. "बाहेर झोप येत नव्हती मला. तुझ्या बांगड्या ऐकू यायच्या आतून, कूस वळलीस की. वाटायचं, हाक मारावी. मग शिवदास जागा असायचा."

रखमाने पदर तोंडाला लावला. बारा वर्षांत हा माणूस एका दमात इतकं बोलला नव्हता. ती त्याच्याकडे थोडी सरकली. होडीच्या बाकावर मुळात जागाच थोडी होती, आता तीही उरली नाही.

"पाय दुखतायत का?" महादेवाने विचारलं.

"नाही हो. मारा तुम्ही."

लांबून शिट्टी वाजली. "नंबर सेव्हन! कम बॅक!" महादेवाचा हात सवयीने घड्याळाकडे गेला. साडेचार. इथून झिंज, तिथून डेपो. त्याने पेडल थांबवले. काठावर काशीबाई उभ्या होत्या, कपाळावर हात आडवा धरून, आणि शेजारी तिघे भाऊ उल्काला खांद्यावर घेऊन हात हलवत होते.

"शिट्टी झाली," तो म्हणाला.

"मला नाही ऐकू आली," रखमा म्हणाली.

महादेवाने तिच्याकडे बघितलं. मग घड्याळ काढून खिशात टाकलं आणि होडी वळवली. बारा वर्षांत पहिल्यांदा, काठाच्या उलट्या दिशेला.